तपासलं, मग पुढं?

रविवारी नाशिकच्या गोल्फ क्लबवर चार चकरा झाल्या की त्र्यंबक नाक्याच्या टपरीवर आमचा चहा ठरलेला. काल विषय निघाला तो परागमुळे. त्याच्या मोबाईलवर एका शिबिराचा फोटो होता. फ्लेक्सवर सात पुरुष हात जोडून उभे, खाली 'भव्य महिला कर्करोग तपासणी', आणि कडेला स्टुलावर बसलेल्या दोन बायका.

"चांगल्या कामाला नावं ठेवू नका," प्रमोद म्हणाला. "तसं हे सगळं परदेशी कंपन्यांचं लस खपवायचं काम आहे म्हणा. आमच्या आजीला कुठं झाला होता गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर?"

"तुझ्या आजीला काय झालं होतं, ते कुणी तपासलं होतं का?" शोभाताईंनी विचारलं.

शोभाताई 31 वर्षं एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या सरकारी नर्स होत्या, त्यातली निम्मी नोकरी पेठ-सुरगाण्यात. त्या बोलायला लागल्या की मी चहा खाली ठेवतो.

"बाई म्हणायची, अंगावरून जातंय. घरचे म्हणायचे, वयाचं आहे. मग कंबर धरायची, मग वास यायला लागायचा, आणि तिची वाकळ पडवीत जायची. मी सुनेचं बाळंतपण करायला जायचे तेव्हा ती पडवीतून माझ्या पिशवीकडं बघत बसायची. माझ्या पिशवीत तिच्यासाठी काहीच नसायचं रे."

कुणी काही बोललं नाही. पण प्रमोदला शांतता सोसत नाही. "मग गर्भपिशवीच काढून टाकायची. कटकटच नको."

"तुझी दाढ किडली तेव्हा जबडा काढला होतास?"

अण्णांना ठसकाच लागला. "काढला असता तर 2021 साली आपण वाचलो असतो," पराग म्हणाला. त्या वर्षी प्रमोदनं प्रत्येकाच्या गळ्यात काढ्याचे दोन-दोन डबे मारले होते, तेही रोख घेऊन. यावर प्रमोद उसळला, "आधी सिंहस्थात नेलेल्या माझ्या 12 गाद्या परत आण!" परागनं 2015 ला भाविकांसाठी गच्ची भाड्यानं द्यायचा घाट घातला होता. गाद्यांवर दहा मिनिटं गेली.

पॅथॉलॉजी लॅब चालवणारा परागच मग मुद्द्यावर आला. "ताई, पॅप स्मिअर म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी काचेवर घेतलेल्या; त्या वाचायला शिकलेला माणूस लागतो. खेड्यात तो आणायचा कुठून? गरीब देशांना हे झेपत नाही, म्हणून तर तिथं बायका मरतात."

"मरतात हे खरं. 2022 मध्ये जगात साडेतीन लाख गेल्या, त्यातल्या शंभरात 94 आपल्यासारख्या देशांतल्या. पण झेपेल असं काय, ते आपल्याच राज्यात शोधून झालंय. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉक्टरांनी दहावी झालेल्या बायका घेतल्या, चार आठवडे शिकवलं. व्हिनेगरमध्ये असतं ते अ‍ॅसिड, पातळ केलेलं, गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचं, एक मिनिट थांबायचं, उजेड धरून बघायचं. पांढरा चट्टा उठला की पुढची तपासणी. दोन-दोन वर्षांनी, चार वेळा. बारा वर्षांत मृत्यू 31 टक्क्यांनी घटले."

"आणि बार्शी?" मी विचारलं. बार्शीचं त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकायचं होतं.

"बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखावर बायका घेतल्या. हा कॅन्सर ज्यानं होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एका गटाची केली, फक्त एकदा. आठ वर्षांत त्या गटात 34 जणी गेल्या. ज्या गटाला काहीच तपासलं नाही, तिथं 64. 2009 ला हे छापून आलं. आता जागतिक आरोग्य संघटना साऱ्या जगाला हीच चाचणी करा म्हणते, 2030 पर्यंत शंभरातल्या 70 जणींची. आणि आपल्याकडं 2019-21 च्या पाहणीत तिशी ते पन्नाशीतल्या शंभर बायकांमागं दोघीसुद्धा तपासलेल्या निघाल्या नाहीत."

"त्या 64 जणींना तसंच सोडलं?" परागचा आवाज बदलला होता.

"तुलनेसाठी. त्यावरून भांडणं झाली, आणि व्हायलाच हवी होती. मला अजून टोचतं ते. पण उत्तर कळल्यावरही आपण हातावर हात ठेवून बसलो, त्याचं काय?"

मला माझी मामी आठवली. मोहाडीकडं द्राक्षबागेत रोजानं जायची. शिबिरात नमुना दिला, 'पुन्हा बोलावणे' असा शेरा आला. कागदावर फोन शेजाऱ्यांचा होता आणि ते घर सोडून गेले होते. घरापर्यंत कुणी आलंच नाही. तीन वर्षांनी रक्त जायला लागलं तेव्हा आम्हाला कळलं. मी हे सांगितलं तेव्हा प्रमोदसुद्धा गप्प होता.

"हेच ते," शोभाताई म्हणाल्या. "डिपिंगच्या, म्हणजे द्राक्षांचे घड औषधात बुडवायच्या दिवसांत मजुरी सोडून बाई एकदाच येते. दुसऱ्यांदा ये म्हटलं की ती गेली. त्याच दिवशी तपासा, चट्टा जाळण्यासारखा असेल तर त्याच टेबलावर जाळा. थर्मल अ‍ॅब्लेशनचं यंत्र हातात मावतं, मिनिटाभराचं काम असतं. जास्त वाटलं तर सिव्हिलला पाठवा, पण सोबत आशाताई द्या, गाडीभाडं द्या. आणि लाजत असेल तर एचपीव्हीचा नमुना बाई पडद्याआड स्वतःच्या हातानं घेऊ शकते. फ्लेक्सच्या पैशात किती जणींचं गाडीभाडं निघालं असतं, मोजा."

"पण ती लस—" प्रमोदनं पुन्हा तोंड घातलं.

"लस नऊ ते चौदाच्या मुलींना. ती आता पुण्याची सिरमही बनवते, तुझी परदेशी कंपनी सोड. आणि मुलीला टोचली म्हणून आईची तपासणी टळत नाही. तुझ्या बायकोची झाली का?"

प्रमोद चाचरला. "तिला काही त्रास नाही..."

"त्रास नसतानाच करायची असते. लाव फोन."

त्यानं लावला, अण्णांनी स्पीकर चालू केला. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "अहो, मागच्या वर्षीच झाली. शोभाताईच घेऊन गेल्या होत्या. तुम्हाला नाही सांगितलं, काढा पाजला असतात."

टपरीवाल्यासकट सगळे हसत सुटले. हसू ओसरल्यावर परागनं हळूच विचारलं, "ताई, गुरुवारी हिला घेऊन येऊ का?"

"ये. आणि येताना त्याच्या गाद्या आण."