"लेकरं काटक आहेत, त्यांना कशाला नियम?" बारीक लेकरालाच नियम जास्त लागतात

चार दिवसांपासून आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, तुमच्याकडंबी आला असेल. शाळेत आणि गेटजवळ काय विकायचं याचे नियम म्हणजे शहरातल्या जाड्या पोरांसाठीची थेरं, आपली मराठवाड्यातली लेकरं काटक, आपणबी गेटबाहेरचंच खाऊन मोठे झालो, खाऊचं आईबाप बघतील, आणि नियम लावले तर टोपली घेऊन बसणाऱ्या गरीब बाईच्या पोटावर पाय येईल. मला यातलं एकबी पटलं नाही, आणि मी शाळा व्यवस्थापन समितीत असल्यामुळं गप्प बसणं जमंना, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"आपणबी गेटबाहेरचंच खाल्लं." खाल्लं ना, पण काय खाल्लं ते आठवा. बोरं, चिंचा, तिखटमीठ लावलेला पेरू, उकडलेल्या शेंगा, थंडीत हरभऱ्याचे ढाळे, सीझनला ऊस. रंगीत गोळ्याबी खाल्ल्या, खोटं कशाला बोलू, पण हातात पैसे कधीमधीच यायचे त्यामुळं त्याबी कधीमधीच. आता चौथीतलं लेकरू रोज एक पुडा फोडतं. परवा पुतणीच्या हातातला पाच रुपयांचा वेफर्सचा पुडा घेऊन मागं काय लिहिलंय ते वाचायला गेले तर अक्षर इतकं बारीक की मोबाईलवर फोटो काढून मोठं करावं लागलं. वजन 11 ग्रॅम. हिशोब केला तर किलोला साडेचारशे रुपये पडले, तेवढ्यात शेंगदाणे दोन-अडीच किलो तरी आले असते. तिच्या मैत्रिणीकडं कोल्ड्रिंकची 200 मिलीची बाटली होती, त्यात साखर साधारण 21 ग्रॅम म्हणजे पाच चमचे. घरी चहात पाच चमचे साखर घालून कुणी लेकराला देईल का?

"आपली लेकरं काटक, लठ्ठपणा शहरात." या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण आपण ज्याला काटक म्हणतो ते पुष्कळदा नुसतं कमी खाल्लेलं लेकरू असतं. 2016-18 मध्ये देशभर लेकरांच्या पोषणाचा मोठा सरकारी सर्व्हे झाला, त्यात 5 ते 9 वर्षांच्या लेकरांत जवळपास चारातलं एक बारीक निघालं, लठ्ठ फारच थोडी. आणि त्याच सर्व्हेत शाळकरी वयातल्या दहातल्या एकाची रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. म्हणजे अंगानं बारीक आहे म्हणून आतून सगळं ठीक आहे असं अजिबात नाही. आणि बारीक लेकराचं पोट केवढं असतं? त्यात जे पहिलं जाईल त्यानंच ते भरतं.

हे मी डोळ्यानं बघितलंय. शाळेच्या खिचडीला सरकारनं आकडे ठरवून दिलेत, पहिली ते पाचवीला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन, सहावी ते आठवीला 700 आणि 20 ग्रॅम, त्यासाठी लहान वर्गांना माणशी 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ मोजून शिजवायची. पण ज्यांनी लहान सुट्टीत गेटवर पोंगे खाल्ले ती लेकरं मोठ्या सुट्टीत दोन घास खातात आणि ताट नळाखाली रिकामं करतात. स्वयंपाकवाल्या मावशी मला म्हणाल्या, ताई, डाळ मी मापानंच टाकते हो, पण ती खाली मोरीत जाते. ताटाला माप आहे आणि गेटवरच्या पुड्याला काहीच नाही, मग त्या मापाचा काय उपयोग?

"आईबाप बघतील." कोणते आईबाप? आपल्याकडं बीड, धाराशिवकडची किती घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, लेकरू आजीपाशी राहतं. आजी पाच रुपये हातावर ठेवते, तिच्यापरीनं ती माया करते, पण पुड्याच्या मागचं वाचणं तिला शक्य नाही. जे घरी आहेत ते सकाळी कापूस वेचायला गेलेले असतात. दहा ते पाच लेकरू शाळेच्या ताब्यात आहे तर त्या वेळेत त्याच्या समोर काय येतं हे शाळेनं बघायला नको?

"टोपलीवाल्या बाईचं पोट." हा मुद्दा खरा काळजीचा आहे, म्हणून नियम नीट वाचा. एफएसएसएआय म्हणजे केंद्राची अन्न सुरक्षा बघणारी संस्था, तिचे 2020 चे नियम 1 जुलै 2021 पासून लागू आहेत, त्यात शाळेच्या आवारात आणि गेटपासून 50 मीटरपर्यंत जास्त फॅट, साखर, मीठ असलेले पदार्थ लेकरांना विकायला बंदी आहे. माणसावर बंदी नाही, मालावर आहे. तीच बाई फुटाणे, उकडलेल्या शेंगा, पेरू, केळी, मटकीची उसळ, कागदावर चुरमुऱ्यांचा गरम सुशीला विकू शकते. 30 ग्रॅम फुटाण्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन जातं लेकराच्या पोटात, आणि हा माल तिच्या स्वतःच्या हातचा, पुड्यासारखा ठरलेल्या कमिशनवरचा नाही. समितीनं तिच्याशी आधी बोलावं, पहिला महिना तिच्याकडून शाळेसाठी खाऊ घ्यावा, एकदम हाकलू नये.

राहिलं "नियम कागदावरच राहतात". हो, राहिलेत. राज्यानं तर मे 2017 मध्येच शाळेच्या कँटीनमधून जंक फूड काढायला सांगितलं होतं. माझ्या मते एक मोठी अडचण ही की केंद्राच्या नियमात 'जास्त' म्हणजे किती ग्रॅम याचा आकडाच नाही, मग हेडमास्तरांनी काय मोजायचं? अमेरिकेत शाळेत विकायच्या खाऊला 2014 पासून आकडे आहेत, एका खाऊत 200 च्यावर कॅलरी नको, मीठातलं सोडियम 200 मिलिग्रॅमच्यावर नको, साखर वजनाच्या 35 टक्क्यांच्यावर नको. असं असलं की पुडा उलटा करून पाचवीतलं पोरगंबी सांगेल चालतो का नाही. सीबीएसईनं 2025 मध्ये शाळांना कशात किती साखर असते हे दाखवणारे फलक लावायला सांगितलेत, आपल्या झेडपीच्या शाळेत ते लावायला कुणाची परवानगी लागत नाही, खडू आणि फळा आहेच.

पुढच्या समितीच्या मीटिंगला मी गेटवर मिळणारे सगळे पुडे एकेक विकत आणून टेबलावर ठेवणार आहे, शेजारी पाच रुपयांचे फुटाणे आणि तराजू. मेसेज ज्यांनी टाकला त्या दादांनी त्या दिवशी जरूर यावं, वजन त्यांनीच करावं.