शेजारच्याला सिनेमा कसा पाहू देऊ नये

संगीत नाटकावर सिनेमा आला, की जाणकारांवर केवढी जबाबदारी येऊन पडते, हे तिकीट काढून मुकाट्याने सिनेमा बघून येणाऱ्या सामान्य माणसाला कळायचं नाही. ‘संगीत मानापमान’ बघायला गेले, तेव्हा माझ्या बरोबर मागच्या खुर्चीत असेच एक जाणकार काका होते. त्यांच्या कृपेने मला पडद्यावरचं निम्मं ऐकूच आलं नाही. पण शिकायला मात्र पुष्कळ मिळालं. ते आपल्यापाशीच ठेवणं बरं नव्हे, म्हणून तुमच्यासाठी इथे देते आहे.

सर्वांत आधी, मत सिनेमा बघण्याच्या आत ठरवून टाकावं. टीझर आला, की “काय गरज होती?” एवढं लिहून मोकळं व्हावं. नंतर थिएटरात जायचं ते पुरावे गोळा करायला.

पाट्या सुरू झाल्या, की काकूंना गोष्ट सांगायला घ्यावी. काकूंनी नाटक पाहिलेलं असतं, त्यांना पदंसुद्धा पाठ असतात. हरकत नाही, सांगावी. “ही भामिनी आत्ता त्याला गरीब म्हणून नाकारतेय ना, पुढे हीच वनमाला होऊन त्याच्या छावणीत जाते.” पुढच्या रांगेतल्या ज्या कॉलेजच्या पोरी नाटक न वाचता आल्या होत्या, त्यांचं शिक्षण असं फुकटात झालं. एकीने मागे वळून बघितलं. काकांना वाटलं, तिला आणखी ऐकायचंय.

पद सुरू झालं, की गावं. मात्र अर्धी मात्रा आधी, म्हणजे शब्द पाठ असल्याचं सगळ्यांना कळतं. ताल खुर्चीच्या हातावर धरावा, बोटात अंगठी असेल तर उत्तमच. ग्लास ठेवायच्या त्या प्लास्टिकच्या खाचेवर अंगठी अशी काही वाजते, की डॉल्बी लाजावा. समेला “क्या बात है” म्हणावं. सम चुकली तरी म्हणावं.

आलाप लांबला, की पॉपकॉर्न आणायला उठावं.

मोबाइलचा उजेड पूर्ण ठेवावा. त्याशिवाय ‘स्वरगंध परिवार’ ग्रुपवर जुनं रेकॉर्डिंग शोधून कसं टाकणार?

आवडलंच, तर ‘वन्स मोअर’ ओरडावं. प्रोजेक्टर भावुक यंत्र आहे.

मग आजोबांना आणावं. आजोबांशिवाय नाट्यसंगीतावर बोलायची सोय नाही. “आमच्या आजोबांनी संयुक्त मानापमान पाहिलं होतं हो!” तो बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ८ जुलै १९२१ ला झालेला प्रयोग. आजवर मला भेटलेल्या लोकांचे जेवढे आजोबा त्या रात्री थिएटरात हजर होते, तेवढे शिवाजी पार्कात मावायचे नाहीत. आजोबा नसतील तर स्वतःच पाहिल्याचं सांगावं. २०१५ च्या दिवाळीत ‘कट्यार काळजात घुसली’चा सिनेमा आला, तेव्हा एक जेमतेम तिशीचा गृहस्थ मध्यंतरात सांगत होता, “मी वसंतरावांना समोर बसून ऐकलंय, त्यांची सर नाही.” मूळ नाटकात खाँसाहेब रंगवणारे वसंतराव देशपांडे गेले १९८३ साली. सिनेमात खाँसाहेबांना आवाज होता राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. असल्या बारीकसारीक गोष्टींनी जाणकाराने विचलित होऊ नये.

आता मुख्य अस्त्र. “चालींना हात लावलाय.” हे चहाच्या रांगेत म्हणावं, लिफ्टमध्ये म्हणावं, पार्किंगची पावती दाखवताना म्हणावं. परंपरा बुडाली म्हणावं. कुठली परंपरा, असं कोणी विचारत नाही. तरी मी सांगते. नाटककार खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं १२ मार्च १९११ ला. चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनी, आणि त्यांनी त्या उचलल्या कुठून, तर ठुमरी-दादऱ्यातून, त्या काळी उत्तरेकडच्या गाणाऱ्या बायकांच्या बैठकांत जे चालायचं त्यातून. जुन्या ‘सौभद्र’ नाटकातल्या साकी-दिंडीसारख्या साध्या चालींवर वाढलेल्या कानांना हे नवं कोरं होतं. खाडिलकरांनी त्या चालींवर शब्द बसवले. म्हणजे आज तुम्ही जिला सोवळ्यात ठेवताय, ती तेव्हाची ताजी फॅशन होती! टेंब्यांनी परंपरा जपत बसायचं ठरवलं असतं, तर तुम्हाला गुणगुणायला ही पदं मिळाली नसती. ‘कट्यार’च्या सिनेमातही तेच. शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी घातली म्हणून केवढा गहजब! “अभिषेकीबुवांच्या नाटकात हे नव्हतंच.” नव्हतं. ‘अरुणी किरणी’ मूळ नाटकात नव्हतं, आणि त्याच गाण्यासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा हेच लोक अभिनंदनाचे संदेश फिरवत होते. ‘मानापमान’ नाटकात पन्नासच्या आसपास पदं, प्रयोग पहाटेपर्यंत चालायचा. सिनेमात ती सगळी घेतली असती तर मध्यंतरालाच गाडी काढून पळाला असतात. आणि थोडीच घेतली तर म्हणणार, काटछाट केली. मग करायचं तरी काय माणसाने?

मलाही सिनेमातलं सगळंच पटलं असं नाही. पण ते ठरवण्यासाठी आधी तो मला ऐकू यायला हवा होता.

आणि आता जाणकार वगैरे राहू द्या बाजूला. शेवटचं संगीत नाटक तिकीट काढून कधी पाहिलंत, ते सांगा. पास आला होता म्हणून गेलात, ते नका सांगू. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात एखादा हौशी संच जीव तोडून ‘मानापमान’ उभं करतो, ऑर्गनवाला सांगलीहून एसटीने येतो, आणि समोर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. तिथे तुम्ही नसता. तिकीट तीनशे रुपये आहे म्हणून नसता, रविवारी दुपारी झोप येते म्हणून नसता. मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्सवाले सकाळी सव्वादहाचा शो देतात म्हणून गळा काढता आणि ओटीटीवर यायची वाट बघता. पोराला गाण्याच्या क्लासला घालता आणि दहावी आली की काढता. त्या नाट्यसंगीतासाठी तुम्ही आजवर काय केलंत? दुसऱ्याने काही केलं की नाक मुरडलंत, बस्स.

नसेल आवडत तर येऊ नका. मध्येच उठून जा, तोही तुमचा हक्क आहे. पण आलात तर फोन खिशात ठेवा, अंगठीचा हात मांडीखाली घ्या आणि गप्प बसा. पैसे आम्हीही मोजलेत.