स्टॅम्पपेपरवर घटस्फोट होत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा येणारा एक मेसेज परवा माझ्याच नात्यातल्या ग्रुपवर आला. त्यात म्हटलं होतं : 'दोघं राजी असाल तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नका. 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी करा, घटस्फोट झाला. वर्षभर वेगळे राहिलात तर त्याचीही गरज नाही. कोर्टात गेलात तर वकील लाखभर रुपये घेतो, वर्षानुवर्षं तारखा पडतात आणि वर बायकोला अर्धी मालमत्ता द्यावी लागते.'

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते, मोफत कायदेशीर मदतीच्या पॅनेलवरही आहे. या मेसेजवर विसंबलेल्या बायका माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे. मी बोलते आहे ते हिंदू विवाह कायद्याबद्दल. त्यात बौद्ध, जैन, शीखही येतात. मुस्लिम कायद्याची वाट वेगळी आहे.

आधी स्टॅम्पपेपर. एक बाई तो लॅमिनेट करून घेऊन आल्या होत्या. सहा वर्षं माहेरी, नवऱ्याने दुसरा संसार थाटलेला. कागद वाचून मी खरं ते सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी अजून त्याचीच बायको?" हो, त्याचीच. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्याने. नोटरीच्या शिक्क्याने फार तर इतकंच कळतं की सही करणारी व्यक्ती त्याच्यासमोर होती. नोटरींनी लग्नाची किंवा घटस्फोटाची कागदपत्रं करू नयेत, असं केंद्रीय कायदा मंत्रालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये लेखी बजावलं आहे.

अशा कागदाच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली ते करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या दुसऱ्या बाईचाही विचार करा. तिची मुलं कायद्याने औरस, पण ती स्वतः पत्नी नाही. माणूस गेल्यावर पेन्शनच्या कार्यालयात पहिल्या लग्नाचा हुकूमनामा मागतात, तेव्हा तिला हे पहिल्यांदा कळतं.

याहून घातक गोष्ट त्या कागदाच्या मजकुरात असते. 'आम्ही परस्परसंमतीने वेगळे राहत आहोत' हे वाक्य त्यात हमखास असतं. जी पत्नी परस्परसंमतीने वेगळी राहते तिला पोटगी मिळत नाही, असं पोटगीचं कलमच म्हणतं (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 125, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं 144). घटस्फोटित बाईला मात्र, पुनर्विवाह होईपर्यंत, त्याच कलमाखाली पोटगी मागता येते. म्हणजे या कागदाने तिला घटस्फोट तर मिळत नाहीच, शिवाय खावटीच्या दाव्यात तोच तिच्या विरोधात पुढे केला जातो. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा.

"आमच्यात काडीमोड चालतो," असंही ऐकू येतं. खरं आहे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 ने रूढीप्रमाणे होणारी फारकत राखून ठेवली आहे. पण ती रूढी त्या समाजात पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हे स्पष्ट सांगितलं. नुसत्या फारकतनाम्याने ती सिद्ध होत नाही.

वर्षभर वेगळं राहिलं की आपोआप घटस्फोट, हा तर नुसता गैरसमज. एक वर्ष वेगळं राहणं ही संमतीचा अर्ज करण्याची अट आहे. सात वर्षं माणूस बेपत्ता असला तरीही अर्ज करावाच लागतो.

आता खर्च. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 फार कमी लोकांना माहीत आहे. त्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींनाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्या बहुतेक पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो. तो जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या समितीत द्यायचा. फोन करायचा तर 15100. आमचं मानधन प्राधिकरण देतं. पॅनेलवरच्या वकिलाने तुमच्याकडे पैसे मागितले, तर तिथेच तक्रार करा. शिवाय महाराष्ट्रात घटस्फोटाच्या आणि पोटगीच्या दाव्यात बायकांना कोर्ट फी माफ आहे. कौटुंबिक न्यायालय असलेल्या शहरांत तर पक्षकार स्वतःच आपली बाजू मांडू शकतात आणि तिथल्या विवाह समुपदेशकाला काही द्यावं लागत नाही.

वेळेचं म्हणणं अर्धं खरं आहे. भांडून घेतलेला घटस्फोट वर्षं खातो, ते मी रोज बघते. पण मेसेज 'दोघं राजी' असणाऱ्यांना उद्देशून आहे. संमतीच्या अर्जात दोन टप्प्यांमध्ये, म्हणजे अर्ज दिल्यावर आणि शेवटची संमती सांगण्याआधी, सहा महिने थांबावं लागतं. जोडपं दीड वर्ष आधीच वेगळं राहत असेल, पोटगी आणि मुलांचा ताबा ठरला असेल, तर कोर्ट तेही माफ करू शकतं. हे 2017 पासून ठरलेलं आहे.

अर्ध्या मालमत्तेचं भय गोव्यात खरं आहे. तिथे पोर्तुगीजकालीन नागरी कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, संपत्ती दोघांची सामाईक असते. महाराष्ट्रात असा नियम नाही. इथे कोर्ट दोघांचं उत्पन्न, गरजा आणि परिस्थिती पाहून पोटगी ठरवतं. दोघांनाही आपली मालमत्ता आणि कर्जं प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागतात.

ज्यांनी असा कागद आधीच केला आहे त्यांनी तो फाडू नये. कधीपासून वेगळे राहता याचा तो पुरावा आहे. दोघं अजून राजी असाल तर तोच घेऊन संमतीचा अर्ज करा. समोरचा राजी नसेल, किंवा त्याने दुसरं लग्न केलं असेल, तर कागद घेऊन विधी सेवा समितीत या. त्या बाईंच्या अर्जाला आम्ही त्यांचा लॅमिनेट केलेला कागदच पहिला जोडला.