नोड सापडला म्हणे!

नेमबाजांच्या ग्रूपांवर सध्या एक मेसेज फिरून राहिला आहे: "फक्त १० गोळ्यांत रायफलचा नोड शोधा." त्याचं सार असं. काडतुसाच्या पितळी पुंगळीत पावडर (बारूद) ०.२ ग्रेननं (१ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) वाढवत १० काडतुसं भरा, एकेक झाडा, क्रोनोग्राफवरचे (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावरचे) वेग कागदावर मांडा. पावडर वाढूनही जिथे वेग वाढत नाही ती सपाट जागा म्हणजे नोड, तिथे रायफल आपोआप जुळते, गोळ्या एकाच जागी लागतात. भरणीच्या मॅन्युअलमधला पावडरीचा कमाल आकडा कंपनीच्या वकिलांनी घाबरून कमी ठेवलेला असतो, प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी टिकली) चपटा होईपर्यंत बिनधास्त चढा. नोड एकदा सापडला की जन्मभराचा. आणि हेच सूत्र .२२ च्या तयार काडतुसांच्या डब्यांनाही लावा.

ॲरिझोनातल्या माझ्या भाच्यानं हाच मेसेज पाठवून "मामा, या शनिवारी करून पाहू का?" असं विचारलं. म्हणून हे लिहिणं आलं.

आधी वकिलांचा मुद्दा, कारण बाकी मुद्द्यांनी पैसे जातात, यानं डोळा जातो. मॅन्युअलमधले आकडे वकील काढत नाहीत. ते चाचणीच्या बॅरलला दाबमापक लावून काढलेले असतात. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची अमेरिकन दाबमर्यादा ६२,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. पितळेची पुंगळी हा काही दाब मोजायचा काटा नव्हे. प्रायमरची वाटी मऊ असेल तर तो लवकर चपटा होतो, कडक असेल तर मर्यादा ओलांडली तरी गोल राहतो. साइझिंग करताना (वापरलेली पुंगळी साच्यात दाबून मापात आणताना) पुंगळीचा खांदा जास्त मागे ढकलला गेला असेल तर बेताच्या दाबातही तो चपटा दिसतो. बोल्ट (रायफलची मागची कडी) जड उचलणं, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा उमटणं ही लक्षणं बहुतेक वेळा मर्यादा मागे पडल्यावर दिसतात. लक्षण दिसलं तर थांबायचंच, पण दिसलं नाही म्हणून दाब ठीक आहे असं मुळीच ठरत नाही. शिवाय मॅन्युअलचा आकडा त्याच पुंगळीला, त्याच प्रायमरला, त्याच बुलेटला आणि तेवढ्याच सीटिंगला (बुलेट बसवायच्या खोलीला) लागू असतो. जाड पितळेच्या लष्करी पुंगळीत आतली जागा कमी असते, त्यामुळे तेवढीच पावडर जास्त दाब देते. सुरुवात कमाल आकड्याच्या १० टक्के खालून करायची. आणि तेवढ्याच लांबीच्या बॅरलमधून मॅन्युअलच्या कमाल वेगापेक्षा जास्त वेग मिळू लागला, तर प्रायमर कितीही गोंडस दिसो, दाब वर गेलेला आहे. फुकटचा वेग कोणी देत नाही, बाप्पा.

आता ती सपाट जागा. .३०८ च्या वर्गात १ ग्रेन पावडरीला साधारण ५० ते ६० फूट प्रति सेकंद वेग वाढतो, म्हणजे ०.२ ग्रेनला १० ते १२. चांगल्या भरणीतही एकाच वजनाच्या काडतुसांच्या वेगाचं प्रमाणित विचलन (आकडे सरासरीपासून किती पांगतात ते) १० असू शकतं. लागोपाठच्या दोन गोळ्यांमधल्या फरकाचं विचलन मग १४ होतं. म्हणजे पायरी १२ ची आणि गोंधळ १४ चा! या हिशोबानं दर पाचातल्या एका पायरीला पावडर वाढूनही वेग कमी दिसणार. १० गोळ्यांत ९ पायऱ्या असतात, तेव्हा कुठेतरी सपाटी दिसली नाही तरच नवल. पटत नसेल तर तीच वाढत्या पावडरीची शिडी दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडून दोन्ही कागद शेजारी ठेवा. 'नोड' दुसरीकडे सरकलेला असेल.

"मग प्रत्येकी तीन झाडतो," असं उत्तर ग्रूपवर आलंच. तीन गोळ्यांवरून विचलन ५ आलं, तर ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की खरा आकडा २.६ ते ३१ यांमध्ये कुठेतरी आहे. वीस गोळ्यांवरून ५ आलं, तर तो पल्ला ३.८ ते ७.३ इतका खाली येतो. हॉर्नाडी या अमेरिकन काडतूस कंपनीच्या बॅलिस्टिक्सवाल्यांनी २०२२ मध्ये आपल्या पॉडकास्टवर हेच सांगितलं: तीन-पाच गोळ्यांच्या ग्रूपवर (निशाणावरच्या छिद्रांच्या झुपक्यावर) निकाल देऊ नका, गोळ्या वाढवल्या की नोड विरघळतात. त्यांच्याकडे झाडायला गोळ्याही आहेत आणि चाचणीचा बोगदाही, त्यामुळे त्यांचं ऐकावं.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करावी लागते. बॅरल थरथरते हे खरं आहे. नळीचं तोंड वर जात असताना मंद गोळी उशिरा, म्हणजे थोडी वरच्या कोनात सुटली, तर एका ठरावीक अंतरावर वेगातला फरक भरून निघतो. जुन्या ली-एन्फील्डबद्दल हे फार पूर्वीपासून नोंदलेलं आहे. पण ते निशाणावरच्या उंचीत दिसतं आणि अंतर बदललं की बदलतं. क्रोनोग्राफच्या आकड्यांत ते दिसायचं काही कारणच नाही.

'जन्मभराचा नोड' नागपुरात तर हसण्यासारखाच आहे. तापमानाला हळव्या पावडरीत एका अंश फॅरेनहाइटमागे सुमारे १ फूट प्रति सेकंद फरक पडतो. जानेवारीच्या सकाळचे १५ अंश सेल्सियस आणि नवतप्यातले ४५ यांत ५४ अंश फॅरेनहाइटचं अंतर आहे. म्हणजे वेगात पन्नासेक फुटांचा फरक, अख्ख्या ग्रेनएवढा. हिवाळ्यात कमाल आकड्याला टेकवलेली भरणी उन्हाळ्यात तापलेल्या चेंबरमध्ये ठेवली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

मेसेजच्या शेवटी "घरीच करून बघा" असं आहे. अमेरिकेत करा. इथे भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ चा भंग आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं कैद आहे.

भरणी ज्यांना कायद्यानं करता येते त्यांनी शिडीच्या नादी लागू नये. कमाल आकड्याच्या बऱ्यापैकी खाली, एकमेकांपासून १ ग्रेन दूर अशी दोन-तीन वजनं घ्यावीत आणि प्रत्येकी १० गोळ्या झाडाव्यात. सगळेच ग्रूप मोठे आले तर ०.२ ग्रेननं काही सुधारत नाही. बुलेट बदला, नाहीतर पावडर बदला. जे वजन निवडाल त्याच्या आणखी २० झाडून खात्री करा.

.२२ रिमफायरची (जिच्या कडेतच पेटवणारा मसाला असतो ती) पुंगळी तर व्यवहारात पुन्हा भरता येत नाही, तिथे फक्त लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेली काडतुसं, निवडता येतो. एली, लापुआसारख्या कंपन्या त्यासाठी आपल्या टेस्ट रेंजवर रायफल बांधून वेगवेगळे लॉट झाडून देतात. आपल्याकडची पोरं पाच गोळ्यांचा एक ग्रूप पाहून अख्खी पेटी उचलतात. ५० मीटरवर सरासरी २० मिलिमीटरचा ग्रूप देणारा लॉट पाच गोळ्यांत कधी १५ दाखवतो, कधी २५. टेकूवरून प्रत्येक लॉटचे दहा गोळ्यांचे निदान तीन ग्रूप घ्या, लॉट आलटून-पालटून झाडा, आणि लॉट बदलला की पहिल्या दहाएक गोळ्या मोजू नका, कारण नळीत आधीच्या लॉटचं मेण असतं.