सर्दी असेल तर बाळाला लांबूनच पाहावे

आज इंदिरानगरमध्ये एका बारशाला गेले होते. सतत खोकणाऱ्या एका पाहुण्या बाईंनी बाळाला पाळण्यातून उचलून त्याचे पापे घेतले आणि कोणीही हरकत घेतली नाही. मी घेतली, तेव्हा मीच बाळाला दृष्ट लावल्यासारखे सगळे माझ्याकडे पाहू लागले.

गेल्या थंडीत माझा अडीच महिन्यांचा भाचा आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूमुळे रुग्णालयात होता. घरात सर्दी होती ती केवळ भेटीला आलेल्या एका नातेवाइकाला. मोठ्या माणसाला हा विषाणू बहुधा नाक गळण्यापलीकडे त्रास देत नाही; तान्ह्या बाळाच्या बारीक श्वासनलिका मात्र सूज आणि चिकट स्रावाने भरून जातात. भाच्याला आधी साधे पडसे झाले, मग तो दूध ओढेनासा झाला. त्यात घरच्यांनी ओवा-वावडिंगाची धुरी दिली, म्हणजे आधीच दमलेल्या फुप्फुसांना धूर! रात्री त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तरी 'सकाळी दाखवू' असे म्हणणारे होतेच. बहिणीने ऐकले नाही.

विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. ऑक्सिजन, नाकातला स्राव ओढून काढणे, नळीवाटे दूध किंवा सलाईन, आणि वाट पाहणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. बहीण खाटेशेजारी बसून ऑक्सिजनचा आकडा वाचत राहायची.

मान्य आहे, दुसऱ्या वाढदिवसापर्यंत बहुतेक मुलांना हा संसर्ग होतोच आणि बहुतेक घरीच बरी होतात. त्या बाईंच्या मायेबद्दलही मला शंका नाही. त्यांना बिचाऱ्यांना कोणी सांगितलेच नसेल. माझा राग आहे तो सारे कळूनही 'पाहुण्यांना कसे बोलायचे' म्हणून गप्प बसणाऱ्या, माझ्याच वयाच्या शिकलेल्या यजमानांवर. 2023 मध्ये अमेरिकेत बाळाला आरएसव्हीपासून वाचवण्यासाठी गरोदर स्त्रियांना देण्याची लस मंजूर झाली, पण आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. तोवर दारातल्या पाहुण्याला थांबवणे आणि हात धुवायला लावणे, हे तरी आपल्या हातात आहे ना?

ज्यांच्या घरी तान्हे आहे त्यांनी बाळ शांत असताना त्याचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे 60 किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा अधिक भरले, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा बाळाचे दूध पिणे सुटले, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रुग्णालय गाठावे.