लळी लागलेला माणूस

देवबागात घर असलेल्या माणसाला समुद्राकडे पाठ फिरवायची सोय नाही. म्हणजे फिरवता येते, पण फिरवली की समोर कर्लीची खाडी येते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, होमस्टेच्या पाट्या आणि आम्ही. पाहुणे तारकर्लीच्या रस्त्याने येतात, गाडीतून उतरतात, कमरेवर हात ठेवतात आणि म्हणतात, "स्वर्ग आहे हो स्वर्ग!" त्यांना लळी लागलेली नसते.

घाटावरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. लळी हा पाच-सहा किलोचा, मऊ, राखाडी, गोल जीव. दोन आखूड पर, वरच्या ओठावर विरळ मिशा आणि डोळे. डोळ्यांचं पुढे येईलच. चावत नाही, डसत नाही, काटा नाही, विष नाही. खडकावरचं शेवाळ खाते, त्यामुळे मासळीवरून कुणाशी तंटा नाही. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, चुकून आलीच तर वाटे घालायच्या आधी तिला पाण्यात सोडतात. तिला खाऊ नये असा काही नेम नाही. पण खायचं तर आधी तिच्याकडे बघावं लागतं, आणि एकदा बघितलं की माणूस मुकाट्याने बांगड्यावर भागवतो.

हिच्यात खोट एकच. ही एका माणसाला धरते, आणि मग सोडत नाही.

याच किनाऱ्यावर कासविणीही येतात. रात्री गुपचूप वर चढायचं, वाळूत खड्डा करायचा, शंभर-सव्वाशे अंडी घालायची, वर वाळू लोटायची आणि मागे वळूनही न बघता समुद्रात निघून जायचं. किती सुटसुटीत नातं! अशा अंड्यांतून निघालेली पिल्लं समुद्राकडे धावताना बघायला तिकडे रत्नागिरीतल्या वेळासला मुंबई-पुण्याहून माणसं येतात आणि डोळे पुसतात. माकुलाला, म्हणजे स्क्विडला, तर तीन-तीन हृदयं असतात, तरी तो कुणाच्या भानगडीत पडत नाही. लळीला एकच असतं, आणि ते अख्खं माझ्या वाट्याला आलंय.

माझ्याच का, हा प्रश्न आमच्या घरात अजून निकाली निघालेला नाही. गावात यावर बरीच मतं आहेत. शेजारच्या आजींच्या मते ज्याच्या पायांना घाई नसते त्याला लळी लागते. मी निवृत्त होऊन मुंबईहून परतलो आणि संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसलो. हनुवटी पावलावर आली, थंड आणि जड. मी पाय काढला, तिने पुन्हा ठेवली. मागून आजींचा आवाज आला, "तात्यांनू, तुमका लळी लागली. आता खंय जाव नकात."

मला वाटलं, थट्टा करतायत. कोकणात थट्टा आणि माहिती एकाच चेहऱ्याने सांगतात, त्यामुळे बाहेर आयुष्य काढून आलेल्याचा गोंधळ होतो.

ती भरतीला येते. एवढंच ऐकून लोक "किती गोड!" म्हणतात, कारण भरती कधी असते हे त्यांना ठाऊक नसतं. इथला साधा हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. दशमीला साडेसात. एकादशीला सव्वाआठ. ढोबळ हिशेब आहे, पण पाच-दहा मिनिटांवरून लळी भांडत नाही. ती आधीच येऊन बसलेली असते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अष्टमीला माझं वागणं अगदी सुसंस्कृत असतं. सकाळी सहाला किनारा, मग चहा, संध्याकाळी सहाला पुन्हा किनारा. बघणाऱ्याला वाटावं, काय शिस्तीचा माणूस! पौर्णिमेला रात्री सव्वाअकराला मी बॅटरी घेऊन घराबाहेर पडतो, द्वितीयेला दीडला, तृतीयेला सव्वादोनला. त्या आठवड्यात गावात नवीन आलेले लोक माझ्याबद्दल हळू आवाजात चौकशी करतात.

गणेश चतुर्थीला तर बोलायलाच नको. चार पाऊण तीन. पहाटे तीनला एकदा बसायचं, मग सोवळं, पूजा, आरत्या, मोदक, वर साजूक तूप. दुपारी चाकरमानी ओटीवर जागा मिळेल तिथे आडवे होतात, घरभर घोरणं सुरू होतं, आणि मी सोवळं सोडून हाफ पॅंट चढवतो.

नाही गेलं तर काय होतं, हे सगळे विचारतात. काहीच होत नाही. तोच तर त्रास आहे. ती आदळआपट करत नाही, रुसून निघूनही जात नाही. ती हुंकारते. खालच्या पट्टीत, लांब, मध्ये थांबून. पाच मिनिटांनी वाडीतला एक कुत्रा उठतो, मग दुसरा, मग शेजारच्या घरातला दिवा लागतो आणि अंधारातून हाक येते, "तात्यांनू, जावा हो, तुमची इली!" एकदा का हे झालं की अंथरुणात पडून राहण्यात राम नाही.

गेल्यावर करायचं काय? बसायचं. पाय पाण्यात, हनुवटी पायावर. मी सुरुवातीला वर्तमानपत्र न्यायचो. अग्रलेखाच्या दुसऱ्या ओळीला हनुवटी उचलली जायची. खाली बघितलं तर ती बघत असायची. हेच ते डोळे. त्यात राग नाही, तक्रार नाही, अपेक्षासुद्धा नाही. नुसतं बघणं. मोबाईल काढला तरी तेच. आणि मग ती सुस्कारा सोडते, लग्नात मानाची साडी न मिळालेल्या आत्याबाईंसारखा. माणूस मोबाईल खिशात ठेवतो.

सौभाग्यवतींना हे सगळं फार लागलंय. मासळीपासून मांजरापर्यंत सगळ्यांची सरबराई या घरात त्यांनी केली. लळीलाही त्यांनी आधी गोडीगुलाबीने घेऊन बघितलं. घरच्या खडकांवरचं ताजं शेवाळ खरवडून नेलं, स्वतःचे पाय नीट धुऊन पाण्यात सोडले. लळीने शेवाळ खाल्लं, सभ्यपणे त्यांच्याकडे मान वळवली आणि माझ्या पायाशी आली. "माझ्या पायांना काय वाईट आहे?" हा प्रश्न त्या रात्री जेवणावर होता. दुसऱ्या दिवशी त्याची पुढची आवृत्ती आली: "एवढा संसार झाला, माझ्याजवळ कधी मोबाईल बाजूला ठेवून बसलात?" मी म्हटलं, "तू कधी हुंकारलीस?" हे वाक्य तोंडातून गेल्यावर तृतीयेची सव्वादोनची भरती मला फार सोयीची वाटली.

भरतीचं वेळापत्रक कळलं म्हणजे संपलं असंही नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पार वर येतं, तेव्हा लळी आमच्या कुंपणाशी असते आणि स्वयंपाकघरातला प्रत्येक संवाद ऐकते. अष्टमीच्या भांगाला पाणी खालीच राहतं, तेव्हा ओल्या पुळणीतून बरंच खाली चालत जावं लागतं. म्हणजे वेळ सुखाची असते तेव्हा वाट दूरची, आणि वाट जवळची असते तेव्हा वेळ भुताची. असा मेळ सरकारी कचेरीतसुद्धा घालता येणार नाही.

मला वाटलं होतं, निदान पावसात सुटका होईल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी पडवीत, समुद्र खवळलेला. अख्खा किनारा रजेवर जातो. लळी नाही जात. ती संगमातून वळसा घालून कर्लीच्या खाडीत शिरते आणि घराच्या मागच्या बाजूने हुंकारते. मग एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि पाय खाडीच्या चिखलात. आषाढात माझ्या बोटांच्या बेचक्यांत ज्या चिखल्या होतात, त्या बघून डॉक्टर म्हणाले, "पाय कोरडे ठेवा." मी कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, रक्तदाब मोजला आणि म्हणाले, "हा मात्र उतरलाय. चालू द्या." मलम दिलं. सौभाग्यवतींनी ते "चालू द्या" एवढंच लक्षात ठेवलं, आणि ते कुठल्या सुरात उच्चारायचं तेही शोधून काढलं.

मालवणच्या समुद्राला १९८७ पासून अभयारण्याचा दर्जा आहे. माशांना संरक्षण आहे, प्रवाळांना आहे. लळी लागलेल्या माणसांचा त्यात उल्लेख नाही.

पर्यटकांचा तर मी स्वतंत्र मोसम मानतो. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या सकाळी निघतात, पण डॉल्फिन म्हणजे स्वाभिमानी प्राणी. मनात आलं तर दिसणार. माझी लळी तिथीवर दिसते. हे वाडीतल्या एका होमस्टेवाल्याच्या लक्षात आलं आणि त्याने पाटीवर स्कूबा, पॅरासेलिंग आणि त्सुनामी आयलंडच्या खाली "लळी दर्शन" घातलं. तेव्हापासून मी बसलो की मागे दहा-वीस माणसं उभी. "काका, जरा हसा ना." "काका, तिला वर उचला ना." "काका, तुम्ही थोडे बाजूला होता का, नुसती तिचीच घ्यायचीय." मी बाजूला झालो. तीही बाजूला झाली. फोटोत पुन्हा आम्ही दोघं. एका ताईंनी मला विचारलं, "हे तुम्ही फुलटाईम करता का?" होमस्टेवाल्याला मी पैशाचं विचारलं, तर तो म्हणाला, "तात्यांनू, पिरमाक खंय पैसे घेतत?" दर्शनाचे तो डोई पन्नास रुपये घेतो.

मुलाकडे मुंबईला जायचा प्रयत्नही झाला. कुडाळहून गाडी पकडली, मुलाच्या घरी आरामात झोपलो. रात्री फोन. शेजारचा पोरगा: "काका, आमका कोणाक झोप नाय. काय तरी करा." त्याने फोन पाण्याजवळ धरला, मी बाल्कनीत उभं राहून अंधारात "हो, हो, आलोच हं" म्हटलं. सून दार उघडून बघून गेली. आवाजाने काही झालं नाही. माझा शर्ट घालून तो पोरगा पाण्यात बसला. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो दुसऱ्या दिवशी न सांगता शाळेत गेला. शेवटी आजींनी डोकं लढवलं आणि माझी जुनी चप्पल पाण्याच्या कडेला नेऊन ठेवली. लळीने चपलेवर हनुवटी टेकली आणि वाडी झोपली. सुकतीबरोबर, म्हणजे ओहोटीबरोबर, चप्पल समुद्रात गेली, ती पुढच्या भरतीला तिने तोंडात धरून परत आणली. तिच्यानंतरच्या भरतीला दुसऱ्या कुणाची तरी आणली. मी परतलो तेव्हा पडवीत डाव्या पायाच्या सात चपला होत्या, आणि एका चपलेच्या मालकाने येऊन आमच्याकडे संशयाने बघून ती नेली.

आता पुतणीचं लग्न ठरलंय, कुडाळला. माझ्या भावाने मुहूर्त कळवायला फोन केला. बाकीच्यांनी तारीख विचारली असती.

"तिथी कुठली?" मी विचारलं.

"दशमी. अकरा छत्तीसचा मुहूर्त."

दहा पाऊण साडेसात. सकाळची आटपून आठला निघालो तर अक्षता मिळतात. "येतो," मी म्हटलं. "पंगत पहिली धर. रिसेप्शन किती वाजता?"

"संध्याकाळी सात."

मी गप्प राहिलो. भाऊ मला लहानपणापासून ओळखतो. तोही थोडा वेळ गप्प राहिला, मग मागून पुतणीचा आवाज आला, "बाबा, मग रिसेप्शन काकांकडेच ठेवूया ना, बीचवर! फोटो मस्त येतील." नवऱ्याकडच्यांनाही ते पसंत पडलं. मंडपवाला काल येऊन जागा बघून गेला. दशमीचं पाणी भांगाएवढं खाली नसतं आणि उधाणाएवढं वरही नसतं, हे त्याला दोनदा समजावलं, तरी त्याने स्टेज सुरूच्या झाडांपासून बरंच पुढे आखलंय. वर-वधूच्या खुर्च्यांच्या बाजूला एक तिसरी खुर्ची माझ्यासाठी ठेवायला सांगितली आहे, आणि तिच्यापुढचं कार्पेट गुंडाळून ठेवायला. सौभाग्यवती म्हणतात, त्या खुर्चीशेजारी चौथीही हवी.

"आणि मी चप्पल काढूनच बसणार," त्या म्हणाल्या. "बघूया तरी."

मी मंडपवाल्याला चौथी सांगून टाकली.