भंगारातला घोडा
भंगार वेल्डिंग करून शिल्प बनवण्यावरचा लेख वाचला, त्यातला गॅलरीत ठेवलेला तो भंगाराचा घोडा भारीच जमलाय, आयाळ म्हणजे सायकलच्या चेन आहेत हे मला फोटो झूम केल्यावर कळलं! पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं होतं ते आठवलं, वस्तू दोनच पण बैल दिसतोच. इथे घोड्याच्या पोटाकडे जरा जास्तच नटबोल्ट कोंबलेत असं वाटलं, असो. लेखात एक राहिलं, गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पत्रा वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, मी स्वतः भोगलंय, म्हणून जोडाच्या जागचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरनं घासून काढायचा नि धूर अडवणारा मास्क लावायचाच, नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही.